ताटापेक्षा कपात जास्त बदल: मुंबईत व्हीगन होताना

भांडुपला आमच्या दारात सकाळी सहाला दुधाच्या दोन पिशव्या पडतात. तीन वर्षांपूर्वी मी त्यातली एक बंद करायला सांगितली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दूध नाय, तूप नाय, मासो नाय. मगे खातलंस काय, वारो?"

प्रश्न रास्त होता आणि तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. मासे सोडणं मला सगळ्यात कठीण जाईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात पापलेटची आठवण महिन्याभरात विरली आणि चहाने मात्र चार महिने छळलं. शिवाय मध्ये मी एक मोठी चूक केली, ती पुढे तिसऱ्या पायरीत सांगते. तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल तर निदान तेवढी तरी टाळा.

## १. कशाकशाला नाही म्हणायचं ते ठरवा

आपल्याकडे 'शाकाहारी' म्हटलं की दूध-दही-तूप त्यात धरलेलंच असतं. व्हीगन आहारात मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा आणि मधही नाही. इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी हा शब्द काढला, तोच मुळी दूधही न घेणाऱ्या शाकाहाऱ्यांना वेगळं नाव हवं म्हणून.

एका सोमवारी उठून सगळं बंद करू नका. मी आधी मांस-मासे सोडले, मग अंडी, मग दूध, आणि सगळ्यात शेवटी तूप. यात दोन महिने गेले. एका फटक्यात सोडणारे माझ्या ओळखीचे तिघे होते. त्यातले दोघे तिसऱ्या आठवड्यात पनीर टिक्क्यावर परतले.

## २. आधी रक्त तपासा

ही पायरी लोक हमखास गाळतात. सुरुवातीचे आकडे हातात नसले तर सहा महिन्यांनी आलेला थकवा आहारामुळे आहे की आधीपासूनच होता, हे कळायला मार्ग राहत नाही.

डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या:

- जुने रक्ताचे रिपोर्ट, असतील तेवढे
- चालू औषधांची यादी किंवा सरळ गोळ्यांच्या पट्ट्याच
- आठवडाभर काय खाल्लं त्याची नोंद, चहाच्या कपांसकट

करून घ्यायच्या तपासण्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन बी-१२, व्हिटॅमिन डी, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), साखर आणि टीएसएच (थायरॉइडसाठी). बी-१२ची गोळी या तपासणीनंतरच सुरू करा. आधीच चार दिवस घेतलीत तर रिपोर्टमध्ये आकडा फुगलेला दिसतो आणि खरी अवस्था झाकली जाते.

काही जणांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ताटातलं काहीच बदलू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, किडनीचा त्रास असलेले, इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणारे, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे. आहार बदलला की साखरेच्या औषधाचा डोस बदलावा लागू शकतो. किडनीच्या पेशंटला डाळी आणि नारळपाणी जपून घ्यावं लागतं. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती उपाशीपोटी घ्या आणि सोयाचं काहीही खाण्याआधी काही तास जाऊ द्या, कारण सोयामुळे ती नीट शोषली जात नाही.

## ३. बी-१२: इथे चालढकल नको

आता माझी चूक. मी अकरा महिने बी-१२ची गोळी घेतली नाही. 'इडली-डोसे आंबवलेले असतात, त्यातून मिळतं', 'स्पिरुलिनात (एक प्रकारचं शेवाळ) असतं' असं कुठेकुठे वाचलं होतं आणि ते सोयीचं होतं म्हणून पटलंही.

मग एक दिवस सकाळच्या स्लो लोकलमध्ये उभी असताना तळपायांना मुंग्या आल्या. नवीन चपला असतील म्हटलं. चपला बदलल्या. मुंग्या तशाच. पुढे जीभ लाल होऊन तिखट झोंबायला लागलं आणि ऑफिसात रोजच्या माणसांची नावं जिभेवर येईनाशी झाली. रिपोर्ट आला १३८. दोनशेच्या खाली कमतरता धरतात. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, मुंग्या जायला तीन महिने लागले. वेळेत आलात, म्हणाले. फार उशीर झाला असता तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.

बी-१२ बनवतात ते जीवाणू. वनस्पतींमध्ये ते भरवशाचं मिळत नाही. इडलीत नाही, मशरूममध्ये नाही, आणि स्पिरुलिनात जे असतं त्यातलं बहुतेक आपल्या शरीराच्या उपयोगाचं नसतं. आधी मांस-मासे भरपूर खाणाऱ्याच्या यकृतात दोन-तीन वर्षं पुरेल एवढा साठा असू शकतो, म्हणून काहींना बराच काळ काहीच जाणवत नाही. पण आपल्याकडे पिढीजात शाकाहारी घरांत तो साठा मुळातच तुटपुंजा असतो. मी तर मासे खाणारी, तरी अकरा महिन्यांत घसरले, म्हणजे आधीच काठावर असणार. पहिल्या दिवशी बी-१२ तपासलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

प्रौढाची रोजची गरज सव्वादोन मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे, पण गोळीतलं सगळं शोषलं जात नाही. म्हणून व्हीगन माणसाने रोज निदान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम घ्यावं असा सर्वसाधारण सल्ला असतो. रिपोर्ट कमी आला असेल तर डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या. साखरेसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी दुप्पट लक्ष ठेवायचं, त्या गोळीनेही बी-१२ खाली येतं.

औषधवाल्याकडे एक गंमत होते. बी-१२ मागितलं की तो बऱ्याचदा मऊ कॅप्सूल काढून देतो, आणि तिचं वेष्टन जिलेटिनचं असतं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. 'कॅप्सूल नको, साधी गोळी द्या' म्हणायचं. व्हिटॅमिन डीचंही तसंच. डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात. डी-२ किंवा दगडफुलाच्या जातीपासून काढलेलं डी-३ चालतं. मात्र डॉक्टरांनी एखादं औषध लिहून दिलं असेल तर त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, आहे म्हणून ते बंद करू नका. आहार आपला, औषध डॉक्टरांचं.

## ४. चहा

हा विभाग लांब होणार, कारण माणसं इथेच हरतात.

सोपा मार्ग म्हणजे कोरा चहा. टपरीवर 'कोरा, लिंबू मारून' सांगितलं की कोणी वळूनही बघत नाही. पण घरी चार वाजता आलं-गवती चहाची पाती घातलेला, पिवळसर तांबूस चहा हवाच असेल तर दुधाला पर्याय लागतो. मी पाच प्रकार करून पाहिले.

नारळाचं दूध: चहाला सोलकढीची आठवण येते. नको. बदामाचं: पातळ आणि खिशाला जड. ओट्सचं विकतचं बरं लागतं, घरी केलेलं उकळलं की बुळबुळीत होतं. सोयाचं दूध उकळत्या चहात ओतलं की फाटतं. ते वेगळं गरम करून, गॅस बंद केल्यावर, शेवटी घालायचं. आलं आधी पाण्यात चांगलं उकळून घ्यायचं, कच्च्या आल्याने साधं दूधसुद्धा फाटतं.

मी टिकले ती काजूवर. दहा-बारा काजू, तुकडा चालतो, तासभर कोमट पाण्यात भिजवायचे. कपभर पाणी घालून मिक्सरमध्ये अगदी गंधासारखे मऊ होईपर्यंत वाटायचे. गाळायची गरज नाही. चहा-साखर-आलं नेहमीसारखं उकळून गॅस मंद करायचा, हे दूध घालायचं, एक कढ आला की उतरवायचं. जास्त उकळलंत तर खिरीसारखं दाटतं. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं.

विकतची पाकिटं घ्याल तर दोन गोष्टी बघा: साखर घातली आहे का, आणि वरून कॅल्शियम घातलं आहे का. किंमत पिशवीच्या दुधापेक्षा बरीच जास्त पडते, तेव्हा रोजचा चहा त्याच्यावर चालवायचा विचार मी तरी सोडला. आणखी एक, काजूचं किंवा नारळाचं दूध हे नावालाच दूध. गाईच्या कपभर दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम त्यात नसतं. या पाचांत प्रथिनांची बरोबरी करतं ते फक्त सोया.

दह्याचं काय? शेंगदाण्याचं दही घरी लागतं, खरंच लागतं. वाटीभर दाणे रात्रभर भिजवा, सालं काढा, अडीच वाट्या पाण्यात वाटून मलमलच्या फडक्यातून पिळा. मंद आचेवर पाच-सात मिनिटं ढवळत शिजवा, बोट सोसवेल इतकं कोमट होऊ द्या. त्यात आठ-दहा हिरव्या मिरच्यांचे देठ टाका, झाका. मे महिन्यात मुंबईत सहा तासांत लागतं, जानेवारीत बारा. पहिलं विरजण सैल आणि थोडं उग्र होतं. त्यातला चमचाभर घेऊन दुसऱ्यांदा लावा, ते खरं दही. गुलाबी छटा किंवा कुबट वास आला तर सगळं फेकून द्या, चाखून बघू नका.

वरणभातावरच्या तुपाला पर्याय नाही. लिंबू पिळते, वरून कच्चं तेल घेते, पण तुपाची सर नाहीच. हे आधीच मान्य केलं की त्रास कमी होतो.

## ५. ताटाचा हिशोब

इथे आपण मराठी माणसं नशीबवान आहोत. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, वालाचं बिरडं, काळ्या वाटाण्याची आमटी, काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, थालीपीठ, घावणे, सोलकढी. फोडणी तेलाची ठेवली की यातलं सगळं जन्मतःच व्हीगन आहे. परदेशी पदार्थांच्या मागे धावायची गरज नाही.

प्रथिनांची रोजची गरज वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम. माझं वजन साठ किलो, म्हणजे पन्नास ग्रॅम. माझा साधा दिवस असा: दुपारी ३० ग्रॅम कोरड्या डाळीचं वरण, ७ ग्रॅम. रात्री तेवढ्याच मटकीची उसळ, ७. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, ८. मूठभर शेंगदाणे, ७. डब्यात भाजलेले चणे, ६. ही झाली पस्तीस. उरलेले पंधरा सोयाच्या वड्यांतून, ३० ग्रॅम कोरड्या. त्या आवडत नसतील तर टोफू, आणखी एक उसळ, किंवा बेसनाची दोन धिरडी. महिनाभर स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, मग डोळ्याला अंदाज येतो. नुसत्या पोहे-उपमा-भात-बटाट्यावर राहिलात तर पोट भरेल आणि दुपारी तीनला डोळे मिटतील.

कॅल्शियमची गरज १००० मिलिग्रॅमच्या घरात आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० असतं. सालासकट तिळाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १० ग्रॅममध्ये, शंभरच्या आसपास. म्हणून आमच्याकडे आठवड्यातून चार दिवस नाचणीची भाकरी आणि रोज तिळाची चटणी. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम फारसं अंगी लागत नाही. माठ-राजगिऱ्यातही ते असतं, म्हणून मेथी, शेवग्याचा पाला बरा. हे हलक्यात घेऊ नका. ऑक्सफर्डचा २०२० साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास आहे, त्यात व्हीगन लोकांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण मांसाहाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं.

लोहासाठी डाळी, अळीव, हिरव्या भाज्या, आणि त्यावर लिंबू. पोह्यांवर लिंबू पिळतो ते चवीला, पण त्याने लोहही जास्त शोषलं जातं. उलट जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. तासभर थांबा. जवसाची चटणी ओमेगा-३ साठी. आणि मीठ आयोडीनयुक्तच वापरा. मासे आणि दूध दोन्ही सुटल्यावर आयोडीनचा मुख्य आधार तेच उरतं, सैंधवात ते नसतं.

## ६. पहिले पंधरा दिवस पोट

फुगणार. कडधान्यं आणि तंतू एकदम वाढले की गॅस होतो, आणि विरार फास्टमध्ये ते फार अवघड प्रकरण असतं. मुगापासून सुरुवात करा, छोले-राजमा-पावटे तिसऱ्या आठवड्यात. भिजवलेलं पाणी टाका, मोड आणा, फोडणीत हिंग-ओवा सढळ. पाणी जास्त प्या. तीन आठवड्यांनंतरही त्रास राहिला तर तपासून घ्या.

## ७. पाकिटाची मागची बाजू

हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे. त्या ठिपक्याखाली दूध, तूप, मध सगळं चालतं. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या नियमांत व्हीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्ह आणलं, हिरव्या चौकटीत इंग्रजी 'व्ही' आणि त्यावर रोपटं. ते दिसलं तर काम सोपं. नसेल तर घटक वाचा: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, लॅक्टोज, बटर ऑइल. आकड्यांत १२० म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग, ९०१ मधमाश्यांचं मेण, ९०४ लाख. घाई असेल तर निदान शेवटची ॲलर्जीची ओळ वाचा, दूध असेल तर तिथे लिहावंच लागतं.

उलटा सापळाही आहे. काही साधी बिस्किटं, वेफर्स, फरसाण आणि कोला हे सगळं व्हीगन असतं. पहिल्या तीन महिन्यांत माझं वजन तीन किलो उतरलं आणि पुढच्या तीन महिन्यांत वडापावाने परत आणून दिलं.

## ८. बाहेर खाताना

'व्हीगन' म्हटलं की वेटर 'जैन?' असं विचारतो. हो म्हणू नका. जैन पदार्थात कांदा-लसूण नसेल, तूप-पनीर असतं. माझं ठरलेलं वाक्य आहे: "भैया, दूध, दही, घी, मक्खन, पनीर कुछ नहीं, सिर्फ तेल में." पाच गोष्टींची नावं घेतल्याशिवाय भागत नाही, कारण 'लोणी नको' सांगितल्यावर एकदा माझ्या भाकरीवर प्रेमाने तूप फासून आलं होतं.

वडापाव बहुतेक ठिकाणी चालतो. पावात दूध घालतात का ते एकदा विचारून ठेवा. भेळ, पाणीपुरी, दही न घातलेली मिसळ, उसाचा रस, कोकम सरबत बिनधास्त. पावभाजी जवळजवळ कुठेच नाही, लोणी भाजीतच असतं आणि तवाही तोच. माटुंग्याच्या उडप्याकडे इडली आणि साधा डोसा 'तेलात' सांगून मिळतो, चटणीत दही आहे का ते विचारा, उपम्यात तूप असतंच. नानच्या पिठात दही-दूध असतं, त्यापेक्षा कोरी तंदुरी रोटी घ्या. डब्याबरोबर दाण्याची चिक्की ठेवा, संध्याकाळच्या लोकलमध्ये तीच वाचवते.

## ९. तीन आणि सहा महिन्यांनी

त्याच तपासण्या पुन्हा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. माझं वाईट कोलेस्टेरॉल १४८ वरून १२२ वर आलं, पोट रोज साफ व्हायला लागलं. केस गळायचे थांबले नाहीत, त्वचा उजळली वगैरे काही नाही. व्यायामही त्याच सुमारास सुरू केला होता, तेव्हा सगळं श्रेय ताटाला देता येणार नाही. सतत थकवा, मुंग्या, पाळी अनियमित होणं, नको इतकं वजन उतरणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. आहार तसाच रेटायचा की काही काळ मागे यायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

## १०. घरची माणसं आणि सणवार

घरात प्रवचन देऊ नका. आमच्याकडे आजही बुधवारी आणि रविवारी बांगडा तळला जातो. तवा वेगळा आहे, भांडण नाही. उपासाची साबुदाण्याची खिचडी मी माझ्यापुरती शेंगदाणा तेलात करते. भाजणीच्या चकलीत मोहन लोण्याऐवजी कडकडीत तेलाचं. पुरणपोळी नारळाच्या दुधाबरोबर. लग्नकार्यात आदल्या दिवशी यजमानांना फोन करून वरण-भात-उसळीवर भागेल असं सांगते, नाहीतर काकू-आत्या ताटाशी येऊन उभ्या राहतात.

गणपतीत उकडीच्या मोदकांवरून पहिल्या वर्षी ताण होता. सारणाला तूप लागतंच असं नाही, उकडीत तेलाचे चार थेंब चालतात, हे सासूबाईंनीच करून दाखवलं. नैवेद्याच्या पानावर त्या तुपाची धार धरतात. माझ्यासाठी आता त्या आदल्या दिवशी नारळ खवून ठेवतात, आणि शिरवाळ्यांसाठी (तांदळाच्या शेवयांसाठी) काढलेल्या गुळाच्या रसातली एक वाटी बाजूला झाकून ठेवलेली असते.